अर्धी बशी

नवा मध्य प्रदेश झाला त्या हिवाळ्यात, देवास गेटला मोटारीची वाट बघत असताना एक जोडपं माझ्या शेजारी चहाला बसलं. टांग्यातून पडल्यापासून नवरा बायकोलाच विसरला होता.

"यांचं नाव काय?" मी तिला विचारलं.

"अगंबाई, मी कसं घेऊ?"

"मलाही याद नाही," तो म्हणाला.

आज तरी ओळखतील, म्हणून ती त्याच्याकडेच बघत होती. चहा आला. त्यानं अर्धा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी तिच्यापुढे सरकवली.

"ओळखलंत की!" मी म्हटलं.

"छे हो! हातच गेला आपोआप." मग माझ्याकडे झुकून कुजबुजला, "यांच्या यजमानांना सांगू नका हं."

तिनं बशी तोंडाला लावली. "त्यांना चालतं," ती म्हणाली.