नळीतलं पीस

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एखादा सोडून! माधव नगरातल्या आमच्या शाळेत पागे सर फिजिक्स शिकवायचे आणि मी त्यांचा लॅब असिस्टंट. असा माणूस रोज समोर असला, की किस्से लॅबच्या कपाटातल्या फुटक्या भिंगांसारखे साठतच जातात. टाकवत नाहीत.

*

सरांकडे एक लांब काचेची नळी होती. आत एक नाणं, एक पीस. पंपानं हवा काढून नळी उलटी केली, की दोन्ही एकदम खाली पडायला हवीत. पण आमचा पंप गळका! नाणं टक्कन पडायचं, पीस मागून झुलत यायचं.

"समजा, हवा नाहीच," सर म्हणायचे.

एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, समजायचंच आहे, तर पिसाला कशाला त्रास?"

सरांनी त्याला टाळी दिली!

*

हवेचा अडथळा दाखवायला सरांनी घरून काकूंची, लाकडी ठशांनी रंगवलेली भैरवगढ छापाची चादर आणून पॅराशूट म्हणून शाळेच्या गच्चीवरून सोडली, खाली कोहळा बांधून. अंगणात प्राचार्य ऊन खात डुलक्या घेत होते. कोहळा अलगद त्यांच्या पायाशी टेकला आणि चादर डोक्यापासून पायापर्यंत पसरली.

आतून आवाज आला, "पागे, मी अजून जिवंत आहे!"

*

रिटायरमेंटला महिना उरला होता. चहा घेताना सर हळूच म्हणाले, "अरे, तीस वर्षं शिकवतोय. पण दोन्ही एकदम पडताना मी स्वतः कधी पाहिलंच नाही रे."

मी कशावरही हसतो. तेव्हा नाही हसलो.

*

घरोघरी फ्रिज यायला लागले होते ते दिवस. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या रफीकभाईंकडे गॅस भरण्याआधी पाइपातली हवा ओढायचा पंप होता. मी गाठलं त्यांना.

"हवा निकालके भरना क्या है, भैया?"

"कुछ नहीं."

"कुछ नहीं भरवाने वाला पहली बार मिला!" ते म्हणाले, आणि सरांच्या शेवटच्या तासाला पंप स्कूटरवर घालून आले.

सरांनी नळी उलटी केली. टक्! दोन्ही एकदम! पोरं ओरडली. पुन्हा उलटी. पुन्हा. अकरा वेळा.

मग त्यांनी स्वतःच नळीची तोटी उघडली. सूं करून हवा आत शिरली. नळी उलटली. नाणं पडलं, पीस रमतगमत आलं.

"हां," सर म्हणाले, "आता बरं वाटलं."

अकरा हा आकडा मात्र माझा. तिसऱ्या वेळेनंतर मला नीट दिसतच नव्हतं.