चिठ्ठीमास्तर आणि सात नंबरचं विमान

चिठ्ठीमास्तरांच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी जागेवर नसली, की तिच्या जागी तार ओवलेली एक लाल चिठ्ठी असायची: 'बरणी जेवणाच्या टेबलावर आहे. नेणार: मी.' खाली तारीख आणि सही. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला वाटलं, नवरा गमत्या आहे. दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की गंमत वगैरे काही नाही, माणूस खराखुरा असाच आहे. आता लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि आपला चष्मा कुठे ठेवलाय ते तीही चिठ्ठीवर लिहायला लागली होती. फक्त ती चिठ्ठी वाचायला चष्मा लागायचा, एवढीच काय ती अडचण.

मास्तर विमानांचे मेकॅनिक, निळ्या कंपनीतले. शहरातून दोन कंपन्यांची विमानं उडायची, निळी आणि नारिंगी. नारिंगी कंपनीवर मास्तरांचा जुना राग. "त्यांचा गणवेश घातलेला माणूस सोललेल्या संत्र्यासारखा दिसतो," असं ते चारचौघांत म्हणायचे. मग त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं लग्न केलं ते नेमकं नारिंगी कंपनीच्या खरेदी विभागातल्या मुलाशी. तेव्हापासून हे वाक्य ते जावई समोर असताना म्हणायला लागले.

विमानाच्या कामात साधा नियम असतो. एखादा भाग काढला, की रिकाम्या जागी लाल चिठ्ठी लटकवायची, म्हणजे पंप नसलेलं विमान कुणी चुकून आकाशात नेणार नाही. बाकीचे मेकॅनिक लिहायचे, 'पंप काढला.' मास्तर लिहायचे पंपाचा नंबर, तो कुठे गेला, का गेला, कुणी नेला, आणि कागद उरला तर पंपाची तब्येत.

कंपनीची तब्येत मात्र कुणी चिठ्ठीवर लिहिली नव्हती. शेवटची दोन वर्षं नवे भाग येणंच थांबलं. मग चार नंबरचा पंप काढून सातला बसव, नवाचा व्हॉल्व्ह काढून सातला दे, असा संसार सुरू झाला. अखेर कंपनीचं दिवाळं वाजलं, कोर्टानं प्रशासक नेमला, माणसं घरी गेली, आणि अकरा विमानं मैदानाच्या पार टोकाला, गवताच्या कडेला उभी राहिली. राखायला एकटे मास्तर.

उभं विमान सांभाळणं सोपं नसतं. चाकं एकाच जागी राहिली तर टायर खालून चपटे होतात, नाकाजवळच्या नळ्यांत किडे घरं बांधतात, इंजिनात पक्षी संसार थाटतात. मास्तर दर मंगळवारी ट्रॅक्टर जोडून प्रत्येक विमान चाकाची पाव फेरी पुढे सरकवायचे. अकरापैकी दहा आतून पोखरलेली. अख्खं होतं एकच, सात नंबर. बावीस वर्षांपूर्वी ते कारखान्यातून आलं तेव्हा त्याचं दार पहिल्यांदा मास्तरांनीच उघडलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांना एकच हवं होतं: त्याआधी सात नंबर उडताना बघायचं. त्यासाठी कंपनीला कुणीतरी घेणारा हवा होता. आणि बोली लावायला जगात एकच कंपनी तयार होती. अर्थातच, नारिंगी.

रविवारी मुलगी-जावई जेवायला आले तेव्हा मास्तरांनी वाढून व्हायचीही वाट पाहिली नाही.

"काय जावईबापू, आम्हाला विकत घेताय म्हणे?"

"मी कुठला घेतोय बाबा? कंपनी विचार करतेय."

"करा, करा. फक्त बघायला येताना हात धुऊन या. आमची विमानं स्वच्छ आहेत."

"आठ महिने जागची हलली नाहीयेत ती, बाबा."

"हलली नाहीत? दर मंगळवारी हलतात!"

"पाव फेरी," मुलगी भातात बघत पुटपुटली.

"या हिशोबानं," मास्तरांची बायको म्हणाली, "आपला सोफाही प्रवासाला जातो म्हणायचा. भाजी घ्या जावईबापू, तुम्हाला बोली लावायची गरज नाही."

पुढच्या आठवड्यात प्रशासक मैदानावर आले. हुशार माणूस. कंपन्या कशा बुडतात ते त्यांना तोंडपाठ होतं. विमान कसं उडतं याच्याशी त्यांचा संबंध खिडकीजवळच्या सीटपुरता.

"सोमवारी पाहणी आहे, मास्तर. विमानं नीटनेटकी दिसली पाहिजेत. उघडंबोडकं काहीही नजरेला पडता कामा नये."

"काळजीच सोडा साहेब," मास्तर म्हणाले.

प्रशासकांच्या मनात होतं झाकणं लावा, पडदे ओढा, पुसून चकचकीत करा. मास्तरांना मात्र बिनचिठ्ठीची भोकं दिसायला लागली. आठ महिन्यांच्या उन्हानं चिठ्ठ्या फिक्या पडल्या होत्या, निम्म्या वाऱ्यानं उडाल्या होत्या. मेकॅनिकच्या डोळ्यांना उघडंबोडकं दुसरं काय दिसणार? चार दिवस ते काढलेल्या भागांच्या नोंदींची वही समोर ठेवून नव्या चिठ्ठ्या लिहीत बसले. बायको तारा ओवत होती.

"एकतीस वर्षांत मला एक पत्र लिहिलं नाहीत," ती म्हणाली, "आणि या पंपाला पाच ओळी!"

"अगं, तू कधी जागेवरून हललीच नाहीस. काय लिहिणार?"

सोमवारी सकाळी पाहुणे आले तेव्हा वारा सुटला होता. दहा विमानांच्या इंजिनांतून, पोटांतून, चाकांच्या खाचांतून, कॉकपिटच्या खिडक्यांतून चारशे अकरा लाल चिठ्ठ्या फडफडत होत्या. लांबून वाटत होतं, विमानांना गोवर आलाय.

प्रशासकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग चिठ्ठ्यांना शोभेल असा झाला.

"हे काय आहे?"

"चिठ्ठ्या."

"मी म्हटलं होतं, उघडंबोडकं काही दिसू नये!"

"मग दिसतंय का? एक भोक दाखवा, ज्यावर चिठ्ठी नाही."

नारिंगी कंपनीच्या मुख्य इंजिनिअर म्हणजे पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. मागे उभा असलेला जावई, या सद्गृहस्थांना आपण प्रथमच पाहतो आहोत अशा चेहऱ्यानं स्वतःचे बूट बघत होता. बाईंनी चार नंबरच्या इंजिनातली चिठ्ठी वाचली: इंधन पंप, अमुक नंबर, सात नंबरच्या डाव्या इंजिनात. त्या चालत सात नंबरकडे गेल्या, शिडीवर चढल्या, टॉर्च मारला. तोच पंप, तोच नंबर. मग नऊची चिठ्ठी. मग दोनची. मग अकराच्या शौचालयाच्या दाराची कडी. ती कडीसुद्धा सात नंबरात गुण्यागोविंदानं नांदत होती.

"कुणी लिहिलं हे?"

"मी," मास्तर म्हणाले. "तारा घरच्यांनी ओवल्या."

"हं," असं म्हणून बाई गाडीत बसल्या. एवढंच. हं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर प्रशासक हात जोडून म्हणाले, "मास्तर, घर विकायला काढलं की लोक भेगा बुजवतात. तुम्ही प्रत्येक भेगेला नाव-पत्ता लावलात."

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो थेट काळजावर. आपल्याच हातानं आपण सात नंबरला बुडवलं. तीन आठवडे काही बातमी नाही. मास्तर मंगळवारी चाकं तेवढी सरकवून यायचे. एके दिवशी मिठाची बरणी सापडेना. जागी चिठ्ठीही नव्हती. बरणी सापडली बाल्कनीत. बायकोनं लगेच मुलीला फोन लावला. "तुझ्या बाबांचं काही खरं नाही. त्यांनी बरणी नुसतीच नेली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावई एकटाच आला. ऑफिसातून थेट, गळ्यात नारिंगी टाय.

"बाबा, आमच्या कंपनीनं बोली लावली. मंजूरही झाली."

मास्तर ताडकन उठले.

"पण उडवायला नाही. दहा विमानं सुट्या भागांसाठी घेतलीत."

मास्तर पुन्हा बसले.

"आमची पाच विमानं भागांवाचून उभी आहेत," जावई आवाज खाली आणत म्हणाला. "कुठला भाग कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही."

"का? तुमच्याकडे तर सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"तेच ना! कॉम्प्युटर म्हणतो, सगळे भाग जागेवर आहेत. मॅडम म्हणाल्या, कागद नसलेला भाग म्हणजे भंगार. या माणसाच्या दहा विमानांत काय नाही ते लिहिलंय, म्हणजे जे उरलंय ते डोळे मिटून घेता येईल. त्या चिठ्ठ्यांवरच तर बोली लागली. भाग काढायलाही तुम्हीच हवे आहात त्यांना."

मास्तरांच्या मनातला प्रश्न एकच होता. तो बायकोनं विचारला.

"आणि सात नंबर?"

"त्यावर चिठ्ठीच नाही ना एकही. ते अख्खं आहे. ते उडणार."

मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले. बाहेर आले तेव्हा जावई टायशी चाळा करत होता.

"फक्त बाबा... रंग."

"कुठला रंग?" असं विचारून मास्तरांनी त्या टायकडे पाहिलं, आणि उत्तराची गरज उरली नाही.

महिन्याभरानं प्रशासकांची मुलाखत छापून आली. व्यवहार जमला तो संपूर्ण पारदर्शकतेमुळे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ही कल्पना पहिल्या दिवसापासून त्यांचीच होती. त्याच सकाळी मास्तर नारिंगी गणवेशात कामावर निघाले. न्यायला आलेल्या जावयानं तोंड उघडायच्या आत मास्तरांनीच बजावलं, "संत्रं म्हणालात तर याद राखा."

"मी काहीच म्हटलं नाही, बाबा," जावई म्हणाला. त्याच्याही अंगात तोच रंग होता.

हँगरमध्ये सात नंबरचा निळा रंग खरवडून काढत होते. पापुद्रे जमिनीवर पडत होते आणि झाडूनं गोळा होऊन पिंपात जात होते. मास्तर बघत उभे राहिले. मग सवयीनं त्यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली. काढलं की लिहायचं, नियम तो नियम. 'सात नंबर. निळा रंग काढला.' पुढची ओळ होती, 'कुठे गेला.' मास्तरांचं पेन पहिल्यांदाच तिथं अडकलं.

नारिंगी सात नंबर पुढच्या मंगळवारी उडालं. मास्तर गवताच्या कडेला मान वर करून उभे होते, ठिपका दिसेनासा झाल्यावरही.

घरी त्यांच्या बायकोला संध्याकाळी मिठाच्या बरणीशेजारी एक चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीच्या तारेत नखाएवढा निळा पापुद्रा अडकवला होता. तिनं चष्मा शोधून ती वाचली: 'सात नंबर. निळा रंग काढला. कुठे गेला: इथे आहे. नेणार: मी.'

खाली तारीख आणि सही. तिनं पापुद्रा तिथंच राहू दिला आणि बरणी थोडी बाजूला सरकवली.