रुळाला लावलेली गाडी

जगू मिस्त्री गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुनंदानं, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून आधी शिवी निघाली, हुंदका नंतर. "काका, बाबांना हेच ऐकायला आवडलं असतं," ती म्हणाली. झोपेत गेला म्हणे. उभ्या जन्मात जो कुणाशी हळू आवाजात बोलला नाही, ज्याच्या हातातला पाना बोल्टपेक्षा समोरच्या माणसावरच जास्त उगारलेला असायचा, तो कुणाला न उठवता, एकही भांडण न काढता निघून गेला... मला हे अजून पटलेलं नाही. महिना होत आला. लोक भेटतात, म्हणतात, तापट होता पण मनानं चांगला होता. मला त्या 'पण'चाच राग येतो. जगू सरळ तापट होता, आणि का होता ते ज्यांना ठाऊक होतं त्यांतला आता मी एकटाच उरलो आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटत होती त्या काळात मी टॅक्सी चालवू लागलो. राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. गाडी जुनी, दोन मालकांनी वापरून टाकलेली, आणि सारखी डावीकडे ओढायची. स्टिअरिंग उजवीकडे दाबून दाबून संध्याकाळी माझा खांदा भरून यायचा. ऑपेरा हाऊसच्या बाजूला एका मोठ्या गॅरेजात अलाइनमेंटचं विलायती यंत्र होतं, पण दर ऐकूनच मी बाहेर पडलो. चाकं सरळ झाली असती आणि मी वाकलो असतो. स्टँडवरच्या एकानं सांगितलं, "लालबागला जगूकडे जा. चहापाण्याच्या पैशात करून देतो. फक्त तोंड बंद ठेव." मी कुठला ठेवतो! माझ्याच वयाचा, मालवणकडचा, काळाकुट्ट, रस्त्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला हा माणूस. गाडीला काय होतं असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, थोडी ओढते. त्यानं वाकून टायर पाहिला, उठला आणि माझ्या मानेवर सणसणीत चापट मारली. "थोडी? आतली कड खाऊन टाकलीय बघ. उद्या टायर फुटला की पॅसेंजरला काय सांगशील मेल्या, थोडा फुटला?" मीही त्याची गचांडी धरली. आमची मैत्री इथून सुरू झाली.

यंत्र जगूकडे नव्हतं. त्याचं यंत्र म्हणजे रस्त्यातून जाणारा ट्रामचा रूळ. दोन ट्रामच्या मधल्या वेळात तो गाडी रुळाच्या कडेला आणून उभी करी. मागची चाकं रुळाशी बरोबर समांतर आली, की बांबूच्या कामटीनं पुढच्या चाकांचं अंतर रुळापासून मोजायचं, टायरच्या पुढच्या कडेला एकदा आणि मागच्या कडेला एकदा. फरक निघाला की गाडीखाली शिरून रॉडचा आटा फिरवायचा, पुन्हा मोजायचं. तेवढ्यात ट्राम यायची. ड्रायव्हर पायानं घंटा बडवायचा, आणि गाडीखालून जगूचे नुसते पाय बाहेर आणि आवाज, "घाल! घाल अंगावर, बघू!" एकदा एक ड्रायव्हर खरोखरच पितळी हँडल काढून खाली उतरला. दोघांची अशी जुंपली की सोडवायला गेलेल्या दोन उतारूंची डोकी फुटली. मी जगूला म्हटलं, अरे, भिंत बघ, गटाराची कड बघ, दुसरं काहीही बघ. तो म्हणाला, "साहेब खोटो, साहेबाचो कायदो खोटो, पण रूळ मात्र सरळ घातलान." त्या रुळावर त्याची श्रद्धा होती, दुसरा शब्द नाही. गिरणगावातल्या निम्म्या टॅक्सी त्या रुळाच्या जोरावर सरळ धावत होत्या.

मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी आली आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, अश्रुधूर, लाठ्या. पोलिसांची गाडी दिसली की गॅलऱ्यांतून फुलांच्या कुंड्या खाली यायच्या. ट्राम बंद पाडायच्या म्हणून एका दुपारी जगूनं शेडमधली पहार उचलली आणि पाचपन्नास माणसांनी मिळून तोच रूळ उपटायला घेतला. जगूचा धाकटा भाऊ वसंता, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, हसतमुख पोरगा, तोही पहारीला लोंबकळला होता. घामाघूम होत तो म्हणाला, "दादा, रूळ काढलास तर उद्या गाड्यो कशाक लावशीत?" जगू ओरडला, "आधी मुंबई, मग गाड्यो!" आजूबाजूचे फरसबंदीचे दगड उखडले, पहार वाकली, पण रूळ जागचा हलला नाही. निदान तसं आम्हाला वाटलं. जगूनं त्याला लाथ घातली, शिव्या दिल्या, आणि खरं सांगायचं तर त्याच्या तोंडावर थोडा अभिमानही होता... आपला रूळ उपटला जात नाही याचा. एवढ्यात लाठीमार सुरू झाला. दोघा भावांना गाडीत कोंबून मी गाडी फुटपाथवरून उडवली. डावं चाक दगडावर असं आदळलं की दात वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंद होता. रस्त्यावर काचांचा खच, चिटपाखरू नाही. जगूनं मला घरून ओढून आणलं. "आज ट्राम नाय, घंटा नाय. रूळ आपल्या बापाचा! लाव गाडी." बाकी सगळीकडे दगड पडले होते, आदल्या दिवशी जिथे पहार घातली तेवढाच तुकडा मोकळा झालेला होता. तिथेच लावली. इतक्या निवांतपणे त्यानं कधी काम केलं नव्हतं. शेवटी कामटी फेकून म्हणाला, "सुतासारखी सरळ. बघ चालवून." चालवून बघायला सवड झाली नाही. नाक्यावरून घोषणा देत जमाव आला, त्यात वसंता होता, जगूही त्यात शिरला; समोरून पोलीस आले.

गोळीबार झाला तेव्हा मी शेडमध्ये होतो. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज. माणसं पळाली, पडली, पडलेल्यांवर पडली. जगू वसंताला खांद्यावर टाकून आला तेव्हा त्याच्या पाठीवरून रक्त ओघळून चपलेत साचलं होतं. गोळी मांडीत. जगूनं सदरा फाडून मांडी करकचून बांधली, मागच्या सीटवर भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत राहिला, "हाण! हाण गाडी!" परळचं मोठं इस्पितळ कितीसं लांब? एरवी पायी गेलो असतो. गाडी वेगात आली आणि स्टिअरिंग माझ्या हातातून डावीकडे पळू लागलं. मी दोन्ही हातांनी उजवीकडे दाबलं. मागून वसंताचा बारीक आवाज आला, "दादा... गाडी ओढता हा." जगू म्हणाला, "गप पड." पुढच्या वळणावर पोरांनी दगड-पिंपांचा बांध घातला होता. मी ब्रेक दाबला. साध्या ओढणाऱ्या गाडीला मी आवरलं असतं. ही गाडी गर्रकन डावीकडे फिरली आणि दिव्याच्या खांबावर जाऊन फुटली. माझ्या दोन बरगड्या मोडल्या. जगू भावाच्या अंगावर आडवा झाला होता. लोकांनी केळीवाल्याची हातगाडी रिकामी केली, तीवर वसंताला घातलं आणि ढकलत नेलं. डॉक्टरांनी हात लावला, पापणी उघडून पाहिली. "फार रक्त गेलं. थोडं आधी आला असता तर सांगता आलं असतं काही..." ते जे बोलले ते आम्ही दोघांनीही ऐकलं.

संचारबंदी उठल्यावर जगू माझ्या चाळीत आला आणि जिन्यातच त्यानं माझा गळा धरला. "तूच मारलंस त्याका! धड गाडी धरूक येत नाय तुका!" माझं डोकं त्यानं कठड्यावर आपटलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला, दात पडला त्याचा. बायाबापड्या किंचाळत होत्या. मला तसाच फरफटत तो शेडमध्ये घेऊन गेला, माझी चूक मला दाखवायला. फुटलेली गाडी तिथे ओढून आणलेली होती. डावं चाक चेंबलं होतं, त्यावरून काही कळत नव्हतं. उजव्या चाकाला मात्र कुठेच मार नव्हता, त्याच्या रॉडलाही नाही, आणि ते डावीकडे तोंड करून उभं होतं. जगू ते चाक बघत राहिला. मग सुतळी घेऊन रुळावर गेला. एक टोक मला धरायला लावलं, दुसरं त्यानं धरलं, आणि दोरी रुळाच्या कडेला ताणली. दोन्ही टोकांना ती रुळाला चिकटलेली होती. मध्ये, आमच्या पहारीनं जिथे घाव घातले होते तिथे, दोरी आणि रूळ यांत माझं बोट जात होतं. रूळ उपटला गेला नव्हता, वाकला होता.

जगूनं हात रुळावर पालथा ठेवला आणि हातोडा माझ्याकडे सरकवला. "घाल." मी हातोडा गटारात फेकला आणि त्याच्या थोबाडीत मारत सुटलो, माझाच हात बधिर होईपर्यंत. तो उलट हात उचलेना. मला आयुष्यात जगूची भीती वाटली ती तेवढीच.

आपल्या आईला त्यानं सगळं सांगितलं, माझ्यासमोर, सुजलेल्या तोंडानं. म्हातारी शेगडीपाशी बसली होती. तिनं हातातलं उलथनं त्याच्या अंगावर फेकलं. "गोळी कोणी घातल्यान? तू घातलंस? मगे दुसऱ्याचा पाप तू कित्याक डोक्यार घेतंस? माझो एक झील त्यांनी नेल्यानी. दुसऱ्याक तू मारू नको." ती बरोबर होती. मी तेव्हाही तेच म्हटलं, आजही तेच म्हणतो. गोळी झाडणाऱ्यांना कधी झोप लागली नाही असं मी ऐकलेलं नाही. झोप उडाली ती जगूची.

महाराष्ट्राचं राज्य झालं तेव्हा लालबाग दिव्यांनी नुसतं लखलखत होतं. कुणीतरी शेडमध्ये पेढे घेऊन गेला. जगूनं पुडा त्याच्या तोंडावर फेकला, "जा, वसंताच्या तोंडात घाल." नंतर स्वतःच ते पेढे वेचले, झटकले आणि कपाळाला लावून खाल्ले. रडत होता.

गाड्या तो करत राहिला, तेवढ्याच स्वस्तात, पण पुन्हा एकही रुळाला लावली नाही. ताणलेल्या दोऱ्यांवर करायचा. आणि काम संपलं की गाडी कॉटन ग्रीनच्या गोदामांमागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर न्यायला लावायचा. स्वतः पुढे जाऊन रस्त्यात उभा राहायचा, गाडी जिथून जाईल त्याच्या वीतभर डावीकडे. मग ड्रायव्हरला ओरडायचा, "ये! वेगात ये! अलीकडचा दिव्याचा खांब आला की हात सोड!" कच्च्या दिलाचे ड्रायव्हर पैसे टाकून पळून जात. मी हात सोडायचो. गाडी त्याच्या सदऱ्याला वारा घालत निघून जायची. एकदा एका गाडीच्या मडगार्डनं त्याला उडवलं. कंबर धरून रस्त्यावर पडल्या पडल्या म्हणाला, "अजून अर्धा आटा." तेव्हापासून तो लंगडायचा. त्याच्या बायकोनं माझे पाय धरले, तुम्ही तरी सांगा. मी सांगायला गेलो म्हणजे भांडायलाच गेलो. तुला मरायचंय तर समुद्र काय लांब आहे, असंही बोललो. त्यानं शांतपणे ऐकलं, आणि म्हणाला, "ओढली तर मला नेईल. पॅसेंजरला नको."

ट्राम गेल्या, रूळ डांबराखाली गाडले गेले, अलाइनमेंटची मशिनं गल्लोगल्ली आली आणि जगूच्या दरात काम करू लागली. माझा मुलगा आता टॅक्सीची चाकं तिथेच करून आणतो. उत्तम करतात, गाडी केसभरही ओढत नाही. तरीही कॉटन ग्रीनच्या त्या रस्त्याला लागलो की माझा हात आपोआप उजवीकडे वळतो, डाव्या अंगाला एका माणसापुरती जागा सोडून. परवा मागं बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "काका, गाडी उजवीकडे ओढते का हो?"

"नाही," मी म्हटलं, "तिथे माणूस उभा असतो."