उजव्या हाताची सही

नोकरीतली बरीच प्रकरणं मी आता विसरलो आहे. आरोपींची नावं आठवत नाहीत, कलमं आठवत नाहीत, कधीकधी ठाणं कोणतं होतं तेही सांगता येत नाही. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. यात खून नाही, दरोडा नाही, पाठलागही नाही. तरी घरी कोणी केस सांगा म्हटलं की मी हीच सांगतो. ऐकणाऱ्यांची थोडी निराशा होते, त्याला माझा इलाज नाही.

जबलपूरला मी तेव्हा ठाणा प्रभारी होतो. हिवाळ्याचे दिवस होते. सोमवारी दुपारी आमच्या हद्दीतल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेचे डायरेक्टर लेखी अर्ज घेऊन आले. आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्यातल्या नोंदी लिहिणारा, जुना माणूस; तो रोजनामचा उघडून बसला आणि त्यानं विचारलं, "क्या चोरी हुआ?" डायरेक्टर म्हणाले, "एक हाथ." मुन्शीनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "सर, बॉडी कहाँ है?"

हात यंत्राचा होता. ही संस्था अपघातात हातपाय गेलेल्या लोकांसाठी असे अवयव बनवायची. मी गुन्हा लगेच दाखल केला नाही, अर्ज चौकशीवर घेतला आणि जागा बघायला गेलो. यासाठी पुढे वरिष्ठांनी मला झाडलं, आणि नियमानं त्यांचं बरोबरच होतं.

खरं सांगतो, संस्थेत शिरताना माझ्या मनात फारसा आदर नव्हता. सरकारी इमारत, सरकारी रंग, जिन्यात सरकारी कुंड्या. आत एका टेबलाशी पनागरकडची एक बाई मटार सोलत बसली होती. तिचा डावा हात मनगटापासून काळ्या प्लास्टिकचा आणि धातूचा होता. त्या हाताच्या दोन बोटांत ती शेंग धरायची, दुसऱ्या हातानं उकलायची, दाणे वाटीत, टरफल बाजूला. एकही दाणा चिरडत नव्हता. मी चौकशीला आलोय हे विसरून किती वेळ तिथे उभा राहिलो कोण जाणे. शेवटी तीच हसून म्हणाली, "बैठ जाइए साहब, आप भी छीलिए."

डायरेक्टर मूळचे नागपूरकडचे, त्यामुळे आमचं मराठीत सुरू झालं. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. हात गेला तरी हात हलवायचा हुकूम डोक्यातून सुटतोच, आणि उरलेल्या हाताचे स्नायू ताणले जातात. तो ताण यंत्र ओळखतं आणि बोटं मिटतात. पण प्रत्येकाचा ताण वेगळा. यंत्राला त्या एकाच माणसाची सवय लावायला कित्येक महिने लागतात. चाचणी संपली की ती सवय पुसायची आणि हात पुढच्या रुग्णासाठी तयार करायचा. हात कमी, रांग मोठी.

चोरीला गेला तो उजवा हात भेडाघाटच्या एका मूर्तिकाराला लावून बघत होते. दगड कापायच्या यंत्रात त्याचा हात गेला होता. तो बुधवारी आणि शनिवारी यायचा. दिवसभर सराव करायचा, संध्याकाळी हात काढून द्यायचा आणि घरी जायचा. हात संस्थेबाहेर न्यायचा नाही हा पक्का नियम. येत्या बुधवारी त्याची शेवटची पाळी होती.

"मग त्यालाच विचारा की," मी म्हणालो.

"त्याचा प्रश्नच नाही," डायरेक्टर म्हणाले. "त्यानं हात जमा केल्याची नोंद आहे. शनिवारी पाच वाजता हात कपाटात होता. कुलूप शाबूत आहे. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक आमच्या टेक्निशियनकडे." मग आवाज उतरवून म्हणाले, "चांगली मुलगी आहे हो. पण बुधवारी सकाळी मला वर अहवाल पाठवायचा आहे. तोवर हात मिळाला नाही तर जबाबदार म्हणून तिचंच नाव जाईल. नोकरी तर जाईलच, पण या क्षेत्रात तिला पुन्हा कोणी उभं करणार नाही."

म्हणजे माझ्या हाती दीड दिवस होता.

संध्याकाळी माझ्या खबऱ्यानं बातमी आणली. संस्थेसमोर त्याची चहाची टपरी होती. तो म्हणाला, शनिवारी मॅडम चार वाजताच निघाल्या, रोज सहाला निघतात. हातात मोठी पिशवी, आणि स्कूटी अशी पळवली जणू घराला आग लागली. आता बोला. किल्ली तिच्याकडे, वेळेआधी पलायन, वर पिशवी. आमच्या ठाण्यातल्या निम्म्या लोकांनी तिथेच केस संपवली.

मंगळवारी सकाळी तिला महिला आरक्षकासमोर, म्हणजे शिपाई बाईसमोर, बसवून मी जबाब घ्यायला लागलो. विदर्भातून येऊन जबलपूरला स्थायिक झालेल्या बौद्ध कुटुंबातली मुलगी. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते बाहेर बाकावर बसून होते. मला बघून उठले आणि एवढंच म्हणाले, "साहेब, घरात इंजिनिअर झालेली ही पहिलीच आहे जी." मी त्यांना बसायला सांगितलं आणि आत गेलो.

मी विचारलं, "हात कपाटात ठेवला होता?"

"नोंद आहे न सर."

"तू स्वतः ठेवला?"

"रजिस्टरमध्ये पाच वाजताची सही आहे माझी."

"मी सहीचं विचारून नाही राहिलो, हाताचं विचारून राहिलो."

खोटं बोलणाऱ्या माणसाची एक सवय मी आयुष्यभर बघितली आहे. तो घडलेलं सांगत नाही, कागद काय म्हणतो ते सांगतो. पण चोराची नजर वेगळी असते. तो दाराकडे बघतो, नाहीतर तुमच्या तोंडाकडे. ही पोरगी स्वतःच्या चपलांकडे बघत होती. लाज वाटणाऱ्याचं ते बघणं मला ओळखता येतं.

मी रजिस्टर मागवलं. बाकीच्या दिवशी पाच हातांच्या पाच नोंदी वेगवेगळ्या होत्या. कुठे निळी शाई, कुठे काळी, अक्षर कधी घाईचं कधी निवांत. शनिवारच्या पाचही नोंदी एका दमात, एका पेनानं, एकाच तिरप्या ओळीत उतरल्या होत्या. वेळ मात्र पावणेपाच, पाच, सव्वापाच. मला हसू आवरेना. अशा नोंदी मी ओळखणार नाही तर कोण? आमच्या गस्तीच्या रजिस्टरात गस्तीला निघायच्या आधीच चार चौकांच्या वेळा भरून ठेवणारे जवान मी पाहिले होते, आणि खोटं कशाला सांगू, नवा होतो तेव्हा मीही तेच केलं होतं.

मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "पोरी, हे सगळं तू चार वाजता भरलंस. घरी काहून पळालीस?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सर, मला पाहायला येणार होते. नागपूरहून. आईनं फोन वर फोन केले. पिशवीत साडी होती, प्रेसवाल्याकडून आणलेली. मी सगळ्या पेशंटना सांगितलं की हात कपाटात ठेवून फक्त कुलूप दाबा. असं मी कधीच नाही केलं सर, त्याच दिवशी केलं."

"मग हे काल का नाही सांगितलं?"

"कशी सांगू? खोटी नोंद केली म्हटलं तरी नोकरी जाते, आणि चोरी केली म्हटलं तरी जाते."

तिच्या दृष्टीनं गणित बरोबर होतं. माझ्या दृष्टीनं मात्र सगळं चित्र पालटलं. पाच वाजता हात कपाटात होता या एकाच गोष्टीवर तिच्यावरचा संशय उभा होता, आणि ती गोष्टच खोटी निघाली. मग शनिवारी हात काढला तरी होता का?

मी तडक संस्थेच्या गेटवर गेलो. चौकीदार फौजेतून आलेला, कडक माणूस. म्हणाला, "मूर्तिवाले भैया का झोला मैंने खुद देखा साहब, खाली था." मी विचारलं, "और हाथ?" तो गोंधळला. "हाथ कौन देखता है साहब? दो हाथ थे, जैसे सबके होते हैं." हे बोलून झाल्यावर त्याचा चेहराच उतरला. महिनोन्महिने त्या माणसाला दिवसभर आवारात दोन हातांनी वावरताना बघून यांतला एक त्याचा नाही हेच तो विसरला होता. मला वाटतं, त्या संस्थेच्या कामाला याहून मोठी पावती मिळणार नाही.

गेटच्या रजिस्टरमध्ये बाहेर पडताना प्रत्येकाला सही करावी लागे. मूर्तिकाराच्या आधीच्या सगळ्या सह्या वाकड्यातिकड्या होत्या, कारण तोवर त्याचा हात जमा झालेला असे आणि तो डाव्या हातानं सही करी. शनिवारची सही सरळ, ठसठशीत, वर नीट रेघ ओढलेली. गड्यानं चोरून नेलेल्या हातानंच सही करून हात पळवला होता. सवयीचा माणूस. गेट आलं, पेन उचललं, सही केली.

डायरेक्टरांना आणि त्या मुलीला जीपमध्ये घेऊन मी भेडाघाटला गेलो. मुलीला मुद्दाम नेलं, हात तीच ओळखणार होती. मूर्तिकार घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली बसला होता. अंगावर, भुवयांवर पांढरी धूळ. समोर नरम दगडाची हातभर मूर्ती. आम्हाला बघून तो उठला नाही की पळालाही नाही. म्हणाला, "एक मिनट साहब, बस ये पंखुडी."

आम्ही तिघंही उभे राहिलो. पोलिसानं चोराला काम पुरं करू द्यावं असं कुठल्या नियमात नाही, पण मी दिलं.

पूर्वी तो उजव्या हातानं हातोडी मारायचा. यंत्राच्या हातात हातोडी धरली तर दणक्यासरशी बोटं उघडत होती. म्हणून त्यानं अदलाबदल केली होती. छिन्नी यंत्राच्या हातात, आणि हातोडी डाव्यात. इतक्या वर्षांची सवय त्यानं तीन दिवसांत उलटी केली होती. मूर्तीच्या हातातलं कमळ पाकळीपाकळीनं उमलत होतं. डायरेक्टर रागानं लाल होऊन जीपमधून उतरले होते. पाच मिनिटांत ते त्या धुळीत मांडी घालून बसले आणि विचारू लागले, छिन्नी घसरते का, मनगट किती वेळानं तापतं, धूळ आत जाते का. तो सांगत होता, ते वहीत लिहून घेत होते.

मूर्तिकार म्हणाला, "बुधवार को ले आता साहब. ये सब भूल जाएगा ना, इसलिए ले गया. यहाँ प्याला उठवाते हैं, गेंद उठवाते हैं. मैं कोई प्याला उठाने वाला आदमी हूँ?" त्यानं बुधवारी खरंच हात आणला असता का, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं.

संस्थेची कारवाई करायची इच्छा नाही, असा जबाब डायरेक्टरांनी तिथेच दिला. मी पंचनामा केला आणि हात त्यांच्या सुपूर्द केला. राहिला प्रश्न मुलीचा. ठाण्यात परतल्यावर मी तिला म्हणालो, "तुझा जबाब पूर्ण व्हायचा आहे. हात सापडलाय, चोरी तू केली नाहीस हे सिद्ध आहे. नोंद आधी भरल्याचं मी लिहिलं नाही तरी चालण्यासारखं आहे."

बाहेर बसलेल्या बापाचा चेहरा दारातून दिसत होता. मला खरोखर तिला वाचवायचं होतं.

ती म्हणाली, "नाही सर, लिहा. आमची सगळी मशीनं त्या रजिस्टरवर चालतात. हात किती वेळ लावला, किती गरम झाला, कुठे अडला, सगळं मीच लिहिते. एक नोंद खोटी निघाली न, तर बाकीच्या कोण खऱ्या मानणार? उद्या कोणी त्या आकड्यांवर भरवसा ठेवून हात लावणार आहे."

मी समजावून पाहिलं. जरा आवाजही चढवला. ती हटेना. "नोकरी गेली तर गेली जी," म्हणाली, आणि तेव्हा मात्र रडली.

मी लिहिलं. तिनं वाचून सही केली.

नोकरी गेली नाही. तिला लेखी ताकीद मिळाली, आणि त्या महिन्याच्या नोंदी भरवशाच्या नाहीत म्हणून चाचणी पुन्हा करायचं ठरलं. त्यामुळे मूर्तिकाराचा हात पुसला गेला नाही. पुढचे सराव भेडाघाटच्या छपराखाली झाले, आणि वही घेऊन तीच समोर बसायची. नागपूरच्या स्थळाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मी उभ्या नोकरीत हजारो जबाब घेतले असतील. साहेब, एवढी एक ओळ काढा, म्हणून माझ्या पायाशी पडलेली माणसं मोजता येणार नाहीत. त्यांत मोठमोठे लोक होते, आमच्या खात्यातलेही होते. एक ओळ घालाच, म्हणून माझ्याशी भांडलेलं माणूस एकच, आणि त्या ओळीनं नुकसान तिचंच होणार होतं.