पाळीचा काढा आणि तीन पायांची शर्यत

मुलीच्या शाळेत दरवर्षी खेळांचा दिवस असतो. त्यात आई आणि मुलीने एकेक पाय एकत्र बांधून पळायचं असतं. गेल्या वर्षी नेमकी त्याच दिवशी माझी पाळी आली. मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडून राहिले आणि लेक तिच्या बाईंबरोबर पळाली. यंदा तारीख कळली तसे मी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा तेच!

"आई, मी बाईंबरोबर नाही पळणार हं," ती म्हणाली.

मग तिलाच घेऊन ग्योतोकु स्टेशनमागच्या चिनी औषधांच्या दुकानात गेले. जपानात राहूनही मला जपानी धड येत नाही, दुभाषी तीच. वाटलं होतं, आत बाई असेल. निघाले पांढऱ्या दाढीचे आजोबा! मी लेकीच्या कानात सांगितलं आणि तिने ते अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आजोबांनी नाडी पाहिली. पाय गार पडतात का, विचारलं. मग म्हणाले, जीभ दाखवा.

वडीलधाऱ्या माणसाला जीभ दाखवायची? मी ओढणी तोंडावर घेतली.

"आई, दाखव ना गं!"

डोळे मिटून काढली एकदाची. पण इतकं ओशाळल्यासारखं झालं की लगेच वाकून नमस्कार केला. जीभ बाहेरच! लेक पोट धरून खालीच बसली. आजोबांनीही गंभीर चेहऱ्याने उलट वाकून नमस्कार केला. मग मलाही हसू आवरेना.

त्यांनी मुळ्या, साली, सुंठ, दालचिनी यांच्या पुड्या दिल्या. रोज उकळून, आटवून प्यायचं. घरभर वास सुटायचा.

"आमटी लागली का?" ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो, तुमच्याच वाटणीची."

शर्यतीच्या सकाळी पाळी आलीच. मी भीत भीत कळ यायची वाट पाहत बसले. आली, पण उभं राहता येईल इतपतच. काढ्याचा गुण की माझी जिद्द, देव जाणे. मी बूट घातले.

मैदानावर लेकीने पाय बांधले. "आधी बांधलेला, मग मोकळा. कळलं?"

कळलं होतं. पण शिट्टी वाजली आणि मी दोन्ही एकदम उचलले. आम्ही धपकन पडलो, उठलो, हसत हसत पुन्हा पडलो. सगळे पुढे गेले.

"आई, हसू नको, पळ!" ती ओरडत होती, आणि स्वतःच इतकी हसत होती की तिलाच पाय उचलवत नव्हता.