पिवळं 'ले'

अमरावतीच्या आमच्या चर्चमध्ये नाताळात व्यासपीठावर एक तांबडं कापड चढतं. त्यावर क्रॉस स्टिचने भरलेली एक ओळ आहे आणि ती अशुद्ध आहे. 'देव आला माणसाला भेटाले.' पहिले तीन शब्द पुस्तकी मराठीत, चौथा एकदम वऱ्हाडीत, आणि सगळी अक्षरं पांढरी असताना शेवटचं 'ले' तेवढं पिवळं. बाहेरगावचे पाहुणे त्याचे फोटो काढतात. पाळकसाहेबांनी एकदा त्या पिवळ्या 'ले'वर उपदेशही केला. देव आपल्या बोलीत उतरतो, वगैरे. उपदेश चांगला होता. मी बाकावर बसून ऐकला आणि घरी आले. ते 'ले' कोणी मुद्दाम काढलेलं नाही, हे मला माहीत होतं.

ती ओळ माझ्या सासूबाईंची. भरतकामही त्यांचंच. नमुना मात्र मी काढून दिला होता.

सासूबाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. निवृत्त झाल्या, सासरे गेले, तरी चर्चच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांचा नाताळ दिवाळीचे आकाशकंदील उतरले की लगेच सुरू व्हायचा. करंज्या, अनारसे, गच्चीवरची चांदणी हे सगळं नंतर. आधी राजकमल चौकातून दोसुती यायची आणि रंगीत दोऱ्यांच्या लड्या यायच्या. दोसुती म्हणजे चौकटीचौकटीनं विणलेलं जाड कापड. त्या चौकटींना घरं म्हणायचं. घरं मोजायची आणि एकेका घरात एकेक फुली घालायची, क्रॉस स्टिच म्हणजे एवढंच. पण या एवढ्यातही सासूबाईंचे कायदे होते. फुलीची वरची तंगडी सगळीकडे उजवीकडेच झुकली पाहिजे. मागे गाठ दिसता कामा नये. कोणी काही भरून आणलं की त्या ते आधी उलटं करून मागची बाजू बघायच्या. पुढची बाजू बघायला मिळणं हे बक्षीस होतं.

मला हे बक्षीस क्वचितच मिळालं. एका वर्षी मी इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं बर्फातलं हरीण एका टेबलक्लॉथवर भरलं. घरं मोजताना माझं कुठेतरी चुकलं आणि त्याची शिंगं आखूड आली. सासूबाईंनी ते हातभर लांब धरून पाहिलं.

"बकरी चांगली जमली," त्या म्हणाल्या.

तो टेबलक्लॉथ आमच्या अकोल्याच्या घरी अजून आहे. आम्ही त्याला बकरीचा टेबलक्लॉथच म्हणतो.

मी पुण्याची. लग्न होऊन वऱ्हाडात आले आणि अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागले. दिवसभर मुलांच्या निबंधांतले 'मले' आणि 'तुले' लाल पेनाने कापायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तेच ऐकायचं. पहिल्या वर्षी मला वाटायचं की इथले लोक सतत भांडतात. मग कळलं की ते चहा मागत असतात. पण दुरुस्त करायची खोड काही गेली नाही. मी अमरावतीला गेले की हे ठरलेलं.

"मले चहा दे."

"मला."

"तुले कोन देऊन राह्यलं? मलेच पायजे."

यात कोणाचंच मन दुखत नव्हतं. त्यांना हरायचं नसायचं आणि मलाही. शेजारणींना त्या माझी ओळख 'आमची शुद्धलेखनवाली' अशी करून द्यायच्या. त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल उतरताना त्या "मले पानी पायजे" म्हणाल्या आणि मी पलंगाशी उभी राहून "मला पाणी पाहिजे" म्हणाले. नर्स माझ्याकडे बघतच राहिली. सासूबाई मात्र डोळे मिटूनच हसल्या.

त्यांचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता. उजव्यात सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे होते. तेव्हापासून माझा नवरा त्यांच्या मागे लागला होता, की आता अकोल्याला चला. त्याचं काही चुकत नव्हतं. एकट्या म्हातारीने गॅस पेटवायचा, पाणी तापवायचं, कोण जाणे काय होईल. पण सासूबाई अकोल्याला यायच्या तेव्हा काय व्हायचं तेही मी पाहत होते. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट. त्या बॅग रिकामी करायच्याच नाहीत. वरची साडी काढायची, धुवायची, वाळली की परत बॅगेत. चर्चमागच्या गल्लीत दिवसभर कोणी ना कोणी दारात उभं असायचं: कोणाचा ब्लाउज बेतायचा, कोणाला नुसतंच बोलायचं. आमच्याकडे दाराची बेल फक्त कुरिअरवाला वाजवायचा. त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या आणि दुपारी मला विचारायच्या, आज कोन वार हाय. अमरावतीत त्यांना वार कधी विचारावा लागला नव्हता.

शेवटी मायलेकांत करार झाला.

"जवर मले माह्या डोळ्यानं दिसून राह्यलं, तवर मी अठीच," त्या म्हणाल्या. नवरा हो म्हणाला. म्हणजे त्या घराचा निकाल आता त्या एका उजव्या डोळ्यावर होता, आणि हे आम्हां तिघांनाही कळत होतं.

त्या वर्षी व्यासपीठावरचं जुनं कापड उंदरांनी खाल्लं. महिला मंडळाने नवं करायचं ठरवलं आणि काम अर्थातच सासूबाईंकडे आलं. ओळ कोणती घालायची यावर सभा झाली. सगळ्या जणी आठवून आठवून वचनं सांगत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "देव आला माणसाले भेटाले. एवढंच लिवा. बाकी समजते लोकाईले." सगळ्यांना आवडलं. पाळकीणबाई म्हणाल्या, छान आहे, फक्त शुद्ध करून घ्या. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी शुद्ध केलं. आलेखाच्या कागदावर अक्षरं बसवून दिली. चौकटींवर मराठी लिहिताना आधी सगळी वरची रेघ भरून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. 'देव आला माणसाला भेटायला', आणि शेवटी एक पिवळी चांदणी. कापडाच्या रुंदीत ते नेमकं बसत होतं.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. दुपारची बस पकडून मी अमरावतीला जायची, रविवारची उपासना करून परतायची. त्या हिवाळ्यात प्रत्येक शनिवारी मी गेले की सासूबाई सुयांची गादी पुढे करायच्या. "ओवून ठेव," म्हणायच्या. मी आठवडाभर पुरतील इतक्या सुया ओवून द्यायची. गादीच्या डाव्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याच्या, उजव्या बाजूला चांदणीसाठी पिवळ्या दोऱ्याच्या. या वयात सुई ओवायला कोणाला जमतं? मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कापडाबरोबर संडे स्कूलच्या नाटकाचे कपडेही चालले होते. जुन्या पांढऱ्या पडद्यांतून देवदूतांचे झगे बेतायचे होते. त्या कात्री चालवायच्या, मी मशीनवर बसायची. याआधी त्यांनी मला मशीनला हात लावू दिला नव्हता. शिवून झालं की त्या विचारायच्या, "सरळ आली का शिवन?" मी म्हणायची, आली. त्या म्हणायच्या, बरं. पूर्वी असं विचारायच्या नाहीत; स्वतः पाहून उसवायला लावायच्या. उतारवयात त्यांना जरा सभ्यपणा आला, असं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आणि आम्ही दोघं हसलो.

नाताळाआधीच्या शनिवारी पोचले तेव्हा कापड पुरं झालं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगावर ठेवलेलं होतं. सासूबाई दारातल्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"इस्त्री फिरव त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "उलट्या बाजूनं."

मी इस्त्री लावली आणि कापड पलंगावर पसरलं. त्यांनीच लावलेल्या सवयीने आधी मागची बाजू पाहिली. एकही गाठ नव्हती. मग उलटवलं. चांदणी उजव्या टोकाला, आणि तिच्या अलीकडे बरीच तांबडी जागा मोकळी. काय कमी पडलं म्हणून वाचलं तर 'भेटाले'. मला हसूच आलं. इतक्या वर्षांची आमची लढाई आणि शेवटी विजय असा, व्यासपीठावर. टोमणा अगदी जिभेवर आला होता.

मग 'ले'चा रंग लक्षात आला.

जीभ घसरते, हे मी रोज वह्यांतून बघते. ओठांत जो शब्द असतो तोच हाताने उतरतो. पण पांढऱ्याच्या जागी पिवळा दोरा कोणाच्या जिभेने येत नाही. तांबड्या कापडावर पांढरं आणि पिवळं ज्याला दिसतं, तो असं करूच शकत नाही. मी जवळ जाऊन बघितलं. फुल्या एकसारख्या होत्या, वरची तंगडी सगळीकडे उजवीकडे. त्यांनी बोटाच्या टोकाने घरं चाचपून, तोंडाने ओळ म्हणत म्हणत हे भरलं होतं. माझा कागद त्यांना कधीपासून दिसत नव्हता, कोण जाणे.

मला राग आला. सांगायला काय झालं होतं, असं वाटलं. आणि त्याच क्षणी कळलं की काय झालं होतं. हे मी नवऱ्याला सांगितलं की या खोल्यांना कुलूप. नाही सांगितलं तर त्या उद्याही चाचपून गॅस पेटवणार, आणि जी काही नजर उरली असेल तीही जाणार. मला भीती वाटली. आणि वाईट वाटलं, फार वाईट. इस्त्री तापून वास यायला लागला तेव्हा मी बटण बंद केलं.

"वाच बरं, काय लिवलं ते," दारातून सासूबाई म्हणाल्या.

मी वाचलं, "देव आला माणसाला भेटायला."

"बराबर हाय?"

"बरोबर आहे."

"अन् रंग?"

"पांढरा. छान उठून दिसतोय."

त्यांचा शेंगा सोलणारा हात थांबला. माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी तोंड केलं. त्या माझ्याकडे नव्हे, माझ्या जरा डावीकडे बघत होत्या.

"मी ले केलं तिथं," त्या म्हणाल्या. "काल कापडावरून बोट फिरवलं तं रेघेच्या वर मात्रा लागली बोटाले. म्हटलं उसवावं. पन दोरा कोनता, तेच समजेना."

मी कापडाची घडी घालायला लागले.

"लग्न होऊन आली तवापासून तू माहं एक ले सोडलं नाही. दवाखान्यात सुद्दा सोडलं नाही. आज सोडून राह्यली." त्यांनी एक शेंग उचलली आणि न सोलताच परत सुपात टाकली. "म्हनजे तुले समजलं. म्हनजे माहे डोळे गेले."

आवाजात तक्रार नव्हती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आई, आपण सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. मी रजा टाकते."

"जाऊ ना. पन तो मशीन लावून जे सांगन, ते तू आत्ताच सांगतलं." मग त्यांनी पदराला हात पुसले. "फोन लाव त्याले."

"नाताळ होऊ द्या. मग बोलू आपण."

"लाव."

मी नवऱ्याला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. दारातून शेजारची बाई काहीतरी विचारून गेली, तिला त्यांनी हातानेच थांब म्हटलं. पलीकडून त्याने उचलल्याचं मला ऐकू आलं. सासूबाई ताठ बसल्या आणि वर्गात हजेरी द्यावी तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या,

"मी बोलून राह्यली. मले दिसून नाही राह्यलं. नाताळ झाला का न्याले ये."