पट्टा कुणाच्या कमरेला

कोप्पीकर रोडवरच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले, तर दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, तुमची ट्रेनिंग स्टाइल कुठली?" प्रश्न रास्त होता. वजन उचलायचा पट्टा घ्यायचा तर आपण उचलतो काय, हे आधी ठाऊक हवं. मी पन्नाशीची बाई, विद्यानगरातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, खांद्याला पर्स आणि पर्समधून डोकावणारी कोथिंबीर. मी खरं तेच सांगितलं, "पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, आणि परत पलंगावर." माझ्या मागं कुणी पुरुष माणूस आलंय का, ते दुकानदारानं वाकून पाहिलं.

उचलायचे होते ते माझे सासरे. धारवाडच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेले, सगळ्यांचे अप्पा. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली, जीभ मात्र जशीच्या तशी राहिली. माझा नवरा नोकरीमुळं बळ्ळारीत, शनिवारी उगवणारा. घरात दोन सेवक ठेवून पाहिले. अप्पांनी दोघांची अशी उलटतपासणी घेतली की दुसरा तर छत्री इथंच विसरून पळाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसातून चारदा तरी उठवून खुर्चीत बसवा, नाहीतर पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल आणि मग काही खरं नाही. उठवायला उरले मी. तिसऱ्या आठवड्यात माझी कंबर धरली, आणि मी घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं.

तिथला ट्रेनर तिशीचा, मराठीत निघून कन्नडात पोचणारा. त्यानं शिकवलं की पट्टा कमरेवर नाही, बेंबीवर बांधायचा. पोटात श्वास भरायचा आणि त्या श्वासानं पट्ट्याला आतून ढकलायचं. "पट्टा काही उचलत नाही री मॅडम, नीवेच, तुम्हीच उचलायचं," तो म्हणाला. दाबाचं हे प्रकरण मी पंचवीस वर्षं शिकवते आहे, असं मी त्याला ऐकवलं. "हौद्री? असं का?" म्हणाला, आणि आणखी दहा बैठका काढायला लावल्या.

तर पट्टे तीन तऱ्हेचे. बेताबेतानं पण अचाट वजन उचलणाऱ्यांना जाड चामड्याचा, सगळीकडं सारख्या रुंदीचा. झटक्यानं डोक्यावर नेणाऱ्यांना पुढं निमुळता होत गेलेला. आणि सगळंच थोडंथोडं करणाऱ्यांना नायलॉनचा, वेल्क्रोचा. शिकलेली माणसं करतात तेच मी केलं. अकरा व्हिडिओ पाहिले आणि त्यातला सगळ्यात भारी आणि मला सगळ्यात निरुपयोगी असा चामड्याचा पट्टा घेतला. टेप बेंबीवर लावल्यावर आलेला आकडा दुकानदारानं दुकानभर ऐकू जाईल असा वाचला, ते मी अजून त्याला माफ केलेलं नाही.

जिममध्ये तो पट्टा शोभला. घरी पलंगावर वाकले की त्याची वरची कड बरगडीखाली रुतायची, आणि पुढचं लोखंडी बक्कल अप्पांच्या छातीला टोचायचं. "इजा सिद्ध आहे," अप्पा म्हणाले. मग दुकानात जाऊन पट्टा बदलून नायलॉनचा आणला. दोन महिन्यांत मी साठ किलो उचलायला लागले, कंबर गप्प झाली. मला वाटलं, जिंकले.

पण अप्पाच उठेनात. आज डोकं जड आहे, आत्ताच तर जेवलो, तुला कॉलेजला उशीर होईल, अशा तारखा पडत गेल्या. चारदाचं दोनदा झालं, मग एकदा. पाठीच्या खालच्या बाजूला लाल चट्टा दिसला तेव्हा माझं डोकं फिरलं. "वीस वर्षांच्या पोरांत मी रोज घाम गाळते, आणि तुम्हाला साधं खुर्चीत बसायचं जिवावर येतं?" मी चांगलीच ओरडले.

अप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग म्हणाले, "हे बरं दिसत नाही गं."

त्यांना उठवायचं म्हणजे त्यांच्या काखेत हात घालून, छातीला छाती लावून ओढायचं. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, त्यात मी त्यांना शिवले ती सणावारी पाया पडताना आणि दसऱ्याला सोनं म्हणून बन्नीची पानं हातावर ठेवताना. सासरा-सुनेतलं ते अंतर दोघांनाही सोयीचं होतं. आता मी दिवसातून चारदा त्यांना मिठी मारत होते, आणि विचार करत होते फक्त माझ्या मणक्यांचा. मला स्वतःची लाज वाटली. पण लाजेनं चट्टा बरा होत नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत पट्टा घेऊन उभी राहिले.

"थांब," अप्पा म्हणाले. "हा पट्टा कशासाठी?"

"वजन उचलायला."

"वजन कोण?"

"तुम्ही."

"मग हमालाला बांधून काय उपयोग? मालाला बांध. निदान धरायला काहीतरी होईल."

फिजिक्सच्या बाईनं ऐकलं. पट्टा त्यांच्या बनियनवरून बांधला, दोन्ही बाजूंनी घट्ट धरला, त्यांच्या लुळ्या गुडघ्याला माझा गुडघा टेकवला. "वंदु, येरडु, मूरु," त्यांनीच मोजलं, आणि उभे राहिले. दोघांत वीतभर अंतर राहिलं होतं. ते माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघत होते, मी त्यांच्या कानामागचं कॅलेंडर वाचत होते.

मग एकदाचे परत चारदा, चारदाचे पाचदा झाले. चट्टा गेला. भेटायला येणाऱ्या जुन्या वकिलांना अप्पा सांगत, "सध्या मी वेटलिफ्टिंगचा पट्टा वापरतो," आणि पुढचं काहीही सांगत नसत. एकानं तर त्यांच्या दंडाकडं आदरानं पाहिलं.

असे पाच-सहा महिने गेले. वेल्क्रोत बनियनचे धागे अडकून अडकून त्याची पकड गेली होती, ते माझ्या लक्षात आलं नाही. एका सकाळी अप्पा अर्धे उठले आणि पट्टा टर्रकन सुटला. मी पट्टा सोडून त्यांनाच कवटाळलं. त्यांचा धड हात माझ्या मानेभोवती आला आणि तिथंच राहिला. जिममध्ये साठ किलोची सवय झालेली मी, हातात आलेले अप्पा आता त्याहून कितीतरी हलके झाले होते. हे पट्ट्याला धरून मला कधी कळलंच नव्हतं. फार वाईट वाटलं. माझे डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसत नव्हते हे बरं झालं.

आम्ही तसेच उभे राहिलो. थोड्या वेळानं कानाशी आवाज आला, "खुर्ची तिकडं आहे."

"माहीत आहे, अप्पा."

मग आणखी थोडा वेळ उभे राहिलो.

संध्याकाळी शिंप्याकडून नवं वेल्क्रो शिवून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा घेऊन खोलीत गेले. अप्पांनी पट्ट्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, खटल्यातली फट शोधल्यासारखा घसा खाकरला.

"घाई असेल त्या दिवशी बांध," ते म्हणाले.

माझं पहिलं लेक्चर पावणेआठला होतं आणि सव्वासात वाजून गेले होते. "आज घाई नाही," मी म्हटलं, आणि त्यांच्या काखेत हात घालायला वाकले.